निकाल लागला, पण पाळत कोण ठेवणार?

मैत्रिणींनो, आपल्या शिबिरांत हल्ली शेवटी एक वाक्य हमखास येतं : ‘रिट टाकू या!’ टाळ्या पडतात. टाकल्यावर पुढं काय, हे मात्र कुणी विचारत नाही.

मी बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांबरोबर काम करते. नवरा-बायको मिळून एक कोयता. अंगावरून जातंय म्हणून खाडा केला की मुकादम दंड कापतो. मग तिशीच्या आतच ‘पिशवी काढून टाक, नाहीतर कॅन्सर होईल’ हा डॉक्टरचा सल्ला तिला पटतो. तीन वर्षांत जिल्ह्यातल्या ९९ खासगी दवाखान्यांत ४,६०५ पिशव्या काढल्या गेल्या, हे २०१९ साली सरकारनंच विधान परिषदेत सांगितलं. नीलम गोऱ्हे समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली.

याच प्रश्नावर डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी कलम ३२ खाली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. ती राजस्थान, बिहार, छत्तीसगडमधल्या बायकांसाठी होती. दाखल झाली २०१३ साली, निकाल ५ एप्रिल २०२३ला. मधल्या दहा वर्षांत आपल्या बायका टेबलावर चढतच होत्या.

म्हणून काही जणी म्हणतात, कोर्ट हा वकिलांचा खेळ, आपण मोर्चे काढू. मला हे मान्य नाही. त्या निकालानं सगळ्या राज्यांना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. त्यांत जिल्हा पातळीवर देखरेख समिती आहे. हे हत्यार मोर्चानं मिळालं नसतं. पण ते गंजू दिलं तर दोष कोर्टाचा नाही, आपला आहे.

हे एकदा झालेलं आहे. गर्भलिंगनिदानाचा कायदा १९९४चा. तो कागदावरच राहिला म्हणून आपल्या महाराष्ट्रातल्या ‘सेहत’ आणि ‘मासूम’ या संस्था डॉ. साबू जॉर्ज यांच्यासह २००० साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २००१ साली अंमलबजावणीचे आदेश निघाले, २००३ पासून कायदा कडक झाला. आणि बीडमध्ये? दर हजार मुलग्यांमागं २००१ साली ८९४ मुली होत्या, २०११ साली ८०७. दिल्लीत जिंकलो, गल्लीत हरलो. त्या कायद्याच्या सल्लागार समितीत महिला संघटनेची प्रतिनिधी असावीच लागते. आपल्या तालुक्यात ती कोण, हे आपल्यापैकी किती जणींना सांगता येईल?

दुसरी गोष्ट कागदाची. कलम २२६ खाली उच्च न्यायालयात जाता येतं. खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे आपल्या जवळ. तिथं हरलो तर सर्वोच्च न्यायालय आहेच, असं समजू नका. कलम १३६ची ‘विशेष अनुमती’ हा हक्क नाही. आधी परवानगी मागायची, आणि बहुतेकींना ती दारातच नाकारली जाते. म्हणून पहिल्याच पायरीला पुरावा पक्का हवा. माझ्याकडं आलेल्या एका बाईजवळ पोटावरचा टाका होता, चिठ्ठी एकही नव्हती. दवाखान्यानं दिलीच नव्हती. ती म्हणाली, “ताई, कोर्टाला पोट दाखवू का?”

यंदा टोळ्या निघण्याआधी प्रत्येक तांड्यावर, वस्तीवर जाऊ या. सोनोग्राफीचा रिपोर्ट, संमतीपत्र, बिल, डिस्चार्ज कार्ड मागून घ्यायला शिकवू या. देखरेख समितीची बैठक कधी झाली, हे माहितीच्या अधिकारात विचारू या. उत्तर आलं नाही, तर मग खुशाल रिट टाकू या. तेव्हा हात रिकामे नसतील.