खोटी नोट आणि जाणतेपणाचा पुरावा

18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे काम कोल्हापुरात सुरू झाले आणि सातारा व सांगली येथील सत्र न्यायालयांच्या निकालांवर अपील करणाऱ्यांची मुंबईची वारी चुकली. चार दशकांच्या मागणीचे हे फळ आहे. परंतु अपील म्हणजे केवळ प्रवासखर्चाचा प्रश्न नव्हे. खालच्या न्यायालयाने पुराव्यातून काढलेला निष्कर्ष कायद्याच्या कसोटीस उतरतो काय, हे तेथे तपासावयाचे असते. बनावट नोटा बाळगल्याबद्दल झालेली शिक्षा हे त्याचे बोलके उदाहरण होय.

खिशात खोटी नोट सापडली की गुन्हा शाबीत झाला, असा सर्वसामान्य समज आहे. कायदा तसे म्हणत नाही. नोटांविषयीची कलमे भारतीय दंड संहितेत 1899 साली घालण्यात आली. त्यांतील 489-सी हे कलम आणि 1 जुलै 2024 पासून त्याची जागा घेणारे भारतीय न्याय संहितेचे 180 वे कलम, या दोन्हींत शिक्षा सात वर्षांपर्यंत कैदेची किंवा दंडाची अथवा दोहोंची आहे. पण ती नुसत्या ताब्याबद्दल नाही. नोट बनावट आहे हे आरोपीला ठाऊक असले पाहिजे किंवा तसे मानण्यास त्याला कारण असले पाहिजे, आणि शिवाय ती खरी म्हणून चालविण्याचा हेतू असला पाहिजे. पंचनाम्यात नोटांचे क्रमांक नोंदविता येतात. मनातील जाणीव कशी नोंदविणार?

सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाचा दोनदा स्पष्ट विचार केला आहे. 1979 मध्ये कर्नाटकातील एका अपिलात न्यायालय म्हणाले की, नोट पाहताक्षणी कोणालाही खोटी वाटावी अशी असेल तर आरोपीला ते माहीत होते असे अनुमान काढता येईल. पण नोटांचे स्वरूप तसे होते याचा पुरावाच सरकार पक्षाने दिला नव्हता. 2001 मधील छत्तीसगडचे प्रकरण तर विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावे असे आहे. अठरा वर्षांच्या एका विद्यार्थ्याने शंभराच्या नोटेवर आंबे खरेदी केले, नोट खोटी निघाली, आणखी नोटा त्याच्याजवळ सापडल्या. शिक्षा उच्च न्यायालयातही टिकली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र ती रद्द केली, कारण नोटा खोट्या असल्याचे त्याला ठाऊक होते हे कोणी सिद्ध केले नव्हते. आणि आरोपीचा जबाब घेताना त्याबाबत त्याला नेमका प्रश्नही विचारला गेला नव्हता.

ही पळवाट आहे काय? मुळीच नाही. अशा खटल्यांत नोटा नाशिक रोडच्या चलार्थ पत्र मुद्रणालयासारख्या ठिकाणी तज्ज्ञाकडे पाठविल्या जातात आणि त्याचा अभिप्राय पुराव्यात येतो. जी नोट ओळखण्यास मुद्रणालयातील अधिकारी लागतो, ती तासगावच्या बेदाण्याच्या सौद्यात अथवा कराडच्या बाजारात घाईने पैसे मोजणाऱ्याने ओळखावयास हवी होती, असे केवळ त्या अभिप्रायावरून म्हणता येत नाही. एकाच क्रमांकाच्या दहा नोटा जवळ बाळगणाऱ्याची गोष्ट निराळी. तेथे परिस्थितीच बोलते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनीही संख्येचा भेद ओळखला आहे. एका व्यवहारात चारपर्यंत बनावट नोटा आल्या तर बँक पोलिसांना महिन्याचा एकत्रित अहवाल देते. पाच किंवा अधिक असल्या तर थेट फिर्याद करते.

नव्या संहितेने मात्र एक स्पष्टीकरण जोडले आहे. नोट कायदेशीर मार्गाने आल्याचे ताबेदाराने दाखवून दिल्यास गुन्हा होणार नाही, असे ते सांगते. वरकरणी हे अभय वाटते. पण आठवडी बाजारात मिळालेल्या नोटेची पावती कोणाजवळ असते? हे स्पष्टीकरण आरोपीवर बोजा टाकणारे आहे असे मानले गेले, तर ‘जाणीवपूर्वक’ या शब्दाचा अर्थच उरणार नाही. आधी सरकार पक्षाने जाणीव सिद्ध करावी आणि आरोपीचे स्पष्टीकरण त्यानंतर पाहावे, असाच अर्थ उच्च न्यायालयांनी लावणे इष्ट आहे.

आणखी एक बाब. गळ्यात पडलेली खोटी नोट गुपचूप दुसऱ्याच्या गळ्यात घालणे हा आपल्याकडील सभ्य माणसांचाही उद्योग आहे. बँकेत नेली तर ती शिक्का मारून जप्त होते, हाती केवळ पोचपावती येते, पैसे नाहीत. म्हणून हा मोह. परंतु जाणूनबुजून नोट चालविण्याच्या गुन्ह्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, याची अनेकांना कल्पनाही नसते. जुन्या संहितेच्या 241 व्या कलमात, अजाणता मिळालेले खोटे नाणे खोटेपण कळल्यावर पुढे ढकलणाऱ्याला कमाल दोन वर्षे कैद किंवा नाण्याच्या मूल्याच्या दसपट दंड किंवा दोन्ही शिक्षा होत्या. टोळीचा हस्तक आणि फसलेला माणूस यांत केलेला हा विवेक नोटांना कधीच लागू झाला नाही. आणि नव्या संहितेत नाणी व नोटा एकाच कलमात आल्यावर नाण्यांपुरताही तो राहिला नाही. कोल्हापुरात अपिले चालतील, काही शिक्षा कायम होतील, काही रद्द होतील. पण हे गाळलेले कलम नोटांसह परत आणणे न्यायालयाच्या हाती नाही, ते संसदेलाच करावे लागेल.