बीज, क्षेत्र आणि आपला उतावळेपणा

भाईंदरच्या पूर्वेस आम्ही राहतो त्या वसाहतीचे नाव इंद्रलोक. नाव स्वर्गाचे, चिंता मात्र मर्त्यलोकाच्याच. परवा शेजारच्या एका सुविद्य घरातील आजी आमच्याकडे येऊन म्हणाल्या, “गुरुजी, लग्नास तीन वर्षे झाली, सुनेची कूस उजवत नाही. एखादे व्रत सांगा.” “मुलाची तपासणी झाली काय?” असे आम्ही विचारताच त्या स्तब्धच झाल्या. म्हणून संकोच बाजूस ठेवून हा विषय घेत आहोत.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भसंभवास ऋतू, क्षेत्र, अंबू व बीज ह्या चोहोंचा योग आवश्यक मानिला आहे. पैकी क्षेत्राची मशागत कशी होते, हे आधुनिक शास्त्राने बरेच उलगडले आहे. गर्भाशयाचे आतील अस्तर दरमहा नव्याने घडते. अंडाशयातून स्रवणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक प्रथम ते जाड करते. बीज सुटल्यावर मागे राहिलेला पीतपिंड प्रोजेस्टेरोन स्रवू लागतो. मग वाढ थांबून अस्तर पक्व होते व त्यातील ग्रंथींत पोषक रस जमतो. अमेरिकेतील कॉर्नर व ॲलन ह्या विद्वानांनी १९२९ साली दाखविले की, अंडाशय काढलेल्या सशाच्या मादीचा गर्भही पीतपिंडाच्या अर्काने टिकविता येतो.

परंतु संप्रेरके आज्ञा देतात. ती अमलात आणितात प्रथिने. एलआयएफ नामक प्रथिन ज्यांच्यात निर्माणच होत नाही अशा उंदराच्या माद्यांत गर्भ निकोप असूनही रुजत नाहीत. तेच गर्भ दुसऱ्या मादीच्या गर्भाशयात ठेविले असता रुजतात, असे १९९२ साली सिद्ध झाले. स्त्रीच्या अठ्ठावीस दिवसांच्या चक्रात हे द्वार साधारणतः विसाव्या ते चोविसाव्या दिवसापर्यंतच उघडे असते. गर्भ रुजला की तो स्वतःच एचसीजी हे संप्रेरक पाठवून पीतपिंडास जिवंत ठेवितो. न रुजल्यास पीतपिंड सुकतो व अस्तर गळून पडते.

येथून लोकलने तासाभराच्या वाटेवर परळ आहे. तेथील के. ई. एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा व प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. आनंदकुमार ह्यांच्या प्रयत्नांनी शरीराबाहेर फलित झालेले बालक जन्मास आले. फलन काचपात्रात झाले खरे, तथापि रुजण्यासाठी गर्भास मातेच्याच उदरी जावे लागले. क्षेत्रास पर्याय नाही, तो असा.

ह्यावरून सुनेच्या क्षेत्रासच दोष द्यावा काय? मुळीच नव्हे. अनेक दांपत्यांत न्यून पुरुषबीजात असते. कित्येकदा गर्भातीलच दोषामुळे तो रुजत नाही. आपल्या देशात क्षयरोगही गुपचूप गर्भाशयाचे अस्तर बिघडवितो, आणि त्यावर औषध आहे. म्हणून वर्षभर वाट पाहून, स्त्रीचे वय पस्तिसांहून अधिक असल्यास सहा महिन्यांनीच, पतिपत्नींनी मिळून वैद्यांकडे जावे.

आजींना आम्ही एकच व्रत सांगितले: सुनेपुढे हा विषय वर्षभर काढावयाचा नाही, आणि तपासणीस प्रथम मुलास धाडावयाचे. व्रत कठीण आहे खरे; परंतु घरातील वडीलधाऱ्यांनीच ते आचरावयाचे आहे.