नाळ कोणाची?

"माझी नाळ गावाशी जोडलेली आहे", "मातीशी नाळ तुटली"... मराठीत नाळ आली की पाठोपाठ आई, माती आणि डोळ्यांत पाणी येतंच. त्याबद्दल तक्रार नाही. पण या बोलण्यामुळे एक समजूत घट्ट बसली आहे, की नाळ आईची असते आणि तिच्यातून आईचं रक्त बाळात जातं. तसं नसतं हो!

गर्भ तिसऱ्या आठवड्यात असताना त्याला बाहेरच्या आवरणाशी जोडणारा एक आखूड, जाड देठ असतो. त्यात आईकडून कुठली नळी येत नाही. देठातल्याच पेशी जागोजागी गोळा होतात, ते पुंजके आतून पोकळ होतात, एकमेकांना जोडले जातात आणि रक्तवाहिनी तयार! हा देठ फलित बीजातूनच आलेला, म्हणजे सगळं बांधकाम बाळाच्या बाजूचं. साधारण २२व्या दिवशी हृदय धडधडू लागतं. सुरुवातीला नीला दोन असतात. पुढे उजवी विरून जाते, डावी उरते. रोहिण्या मात्र दोन्ही टिकतात. (शाळेत "रोहिणीत शुद्ध रक्त, नीलेत अशुद्ध" घोकलेल्यांनी जपून, नाळेत बरोब्बर उलटं असतं.) शंभरात जेमतेम एखाद्या बाळाला एकच रोहिणी असते. सोनोग्राफीत ते दिसलं की घरात हलकल्लोळ; पण बाकी सगळं ठीक असेल तर बहुतेक बाळं छान जन्मतात.

वारेत दोघांचं रक्त अगदी शेजारून वाहतं, मध्ये पातळ पडदा. प्राणवायू आणि अन्न पलीकडे जातं, रक्ताचे प्रवाह वेगळेच राहतात.

म्हणूनच मला ती कापण्याची घाई खटकते. जन्माच्या क्षणी नाळेत आणि वारेत असलेलं रक्त बाळाचंच आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते, किमान एक मिनिट थांबा. कारण त्या रक्तातून बाळाला पुढच्या महिन्यांसाठी लोह मिळतं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातली पाच वर्षांखालची ६७ टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली. तिथे एक मिनिट जड का व्हावं? आणि तेच रक्त साठवायला हजारो रुपये मोजणारे आईबाप हे फुकटचं मिनिट मागत नाहीत, याची मला गंमत वाटते. गंमत कसली, चीडच येते.

घरात ज्यांची तारीख जवळ आली आहे त्यांनी डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा, कळा सुरू झाल्यावर नव्हे. बाळाला श्वासासाठी तातडीची मदत लागली तर ते थांबणार नाहीत, आणि तेव्हा आपणही हट्ट धरायचा नाही.