दोष पिलाचा की धन्याचा?

सकाळी नऊला दारास कुलूप लावून घरची माणसे कचेरीस जातात आणि दोन महिन्यांचे कुत्र्याचे पिलू सायंकाळी सहापर्यंत एकटे कोंडलेले राहते. परतल्यावर फरशीवर घाण दिसली की पिलाचे नाक तीत घासावयाचे व त्यास मारावयाचे, याला पुष्कळ सुशिक्षित घरांत शिस्त म्हणतात. आम्ही यास अन्याय म्हणतो.

एवढ्याशा पिलास दोन-तीन तासांहून अधिक वेळ लघवी धरवत नाही. मग नऊ तासांच्या संयमाची अपेक्षा करणाराच अपराधी नव्हे काय? दुपारच्या घाणीचा सायंकाळच्या माराशी संबंध त्यास कळत नाही. धनी आला म्हणजे भ्यावे, एवढेच ते शिकते.

“आम्ही दोघेही नोकरी करतो, मग पिलू पाळूच नये काय?” असे कोणी विचारील. अवश्य पाळावे, पण दिवसातून दोन-तीनदा त्यास बाहेर नेणारे माणूस आधी ठरवावे. झोपेतून उठताच व खाणे होताच त्यास ठरलेल्या जागी न्यावे आणि तेथे विधी उरकताच तत्क्षणी खाऊ द्यावा. एवढे होत नसेल, तर पिलू आणूच नये.

नेहमी कोंडून ठेवलेल्या कुत्र्यास वाजवी फिरविण्यात हयगय करणे हा १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम ११ अन्वये अपराध आहे. परंतु कायदा राहो. दत्तगुरूंच्या तसबिरीतील चार श्वानांपुढे हात जोडावयाचे आणि घरच्या मुक्या जिवावर तोच हात उगारावयाचा, ही भक्ती नव्हे.