प्रतिभा आणि प्याला

वाणगावच्या फलाटावर सकाळच्या गाडीची वाट पाहत उभे राहिले असता मिरचीचा भाव, कारखान्यातील पाळी आणि गाडीचा उशीर याच गोष्टी पूर्वी कानी पडत. अलीकडे त्यांत एका नव्या विषयाची भर पडली आहे. अमक्या थोर लेखकास कोणते मद्य प्रिय होते, तो दिवसाकाठी किती पेले घेई, त्यात काय मिसळी, याची बारीकसारीक माहिती आमच्या सुशिक्षित तरुणांस मुखोद्गत असते. त्याच लेखकाने लिहिले काय, असे विचारिले तर मात्र दोन पुस्तकांची नावे धड सांगता येत नाहीत! कुतूहल हा काही अपराध नव्हे. परंतु या चर्चेचा शेवट बहुधा एकाच सिद्धांतात होतो. तो हा की, प्याल्यावाचून प्रतिभा नाही. हा सिद्धांत खोटा आहे, आणि तो आमच्या गावांत अनेकांस घातक होत आहे. म्हणून त्याचा विचार करणे आम्हांस अवश्य वाटते.

या तरुणांचे आवडते उदाहरण म्हणजे अमेरिकन कादंबरीकार अर्नेस्ट हेमिंग्वे. हवाना शहरातील फ्लोरिदिता नामक मद्यगृहात त्यांची बैठक असे आणि रमपासून केलेले ‘डाइकिरी’ हे पेय त्यांस प्रिय होते, हे खरे. पण उजाडताच लिहावयास बसावे हा त्यांचा नेम होता, आणि तो त्यांनी स्वतःच सांगितलेला आहे. नशेत लिहावे व शुद्धीवर दुरुस्त करावे, असे एक वचन त्यांच्या नावावर खपविले जाते. ते त्यांचे नव्हे. म्हणजे ज्या हेमिंग्वेंनी पुस्तके लिहिली तो सकाळचा मनुष्य सोडून आमचे तरुण संध्याकाळच्या मनुष्याचे अनुकरण करू पाहतात. अनुकरणास सोपा भाग कोणता, हे त्यांस अचूक कळते!

कोणी म्हणेल, मंटोंचे काय? सआदत हसन मंटो मुंबईत राहिले, मुंबईवर त्यांनी जीव टाकिला, आणि 1948 साली ते लाहोरास गेले. तेथील शेवटच्या वर्षांत कथा लिहावयाची, संपादकाकडून हातोहात पैसे घ्यावयाचे आणि त्यांची दारू आणावयाची, असा क्रम होऊन बसला. व्यसन सुटावे म्हणून त्यांस वेड्यांच्या इस्पितळातही राहावे लागले. 18 जानेवारी 1955 रोजी, वयाच्या अवघ्या 42व्या वर्षी, यकृताच्या विकाराने ते वारले. मागे पत्नी आणि तीन मुली राहिल्या. त्यांच्या कथा दारूने लिहिल्या असे ज्यास वाटत असेल त्याने गुत्त्याच्या बाकावर जाऊन पाहावे. तेथे दारू मुबलक आहे; मंटो एकही नाही. फाळणीची जखम, माणसाविषयीची कणव आणि निर्भय लेखणी हे मंटोंचे भांडवल होते. बाटलीने त्यात भर घातली नाही. पुढची वीस वर्षे मात्र हिरावून नेली.

आता आमच्याच घरचा दाखला घेऊ. वाणगावावरून उत्तरेस जाणारा लोहमार्ग ज्या नवसारीवरून जातो, तेथे 1885 साली राम गणेश गडकरी यांचा जन्म झाला. 23 जानेवारी 1919 रोजी ते सावनेर येथे वारले, आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास ‘एकच प्याला’ हे त्यांचे नाटक प्रथम रंगभूमीवर आणिले. त्यातील सुधाकर कोणी अडाणी मजूर नव्हे. तो बुद्धिमान वकील आहे. न्यायालयात मानभंग होतो, सनद काही काळ रद्द होते, आणि त्या घटकेस कारकून तळीराम त्याच्यापुढे प्याला धरितो. तेवढ्या एका घटकेतून संसाराची राख होते. मूल जाते, दळण दळून दिवस काढणारी सिंधू जाते आणि अखेर सुधाकरही जातो.

याच नाटकात गडकऱ्यांनी ‘आर्य मदिरा मंडळ’ नावाची एक सभा योजिली आहे. तिचे सभासद दारूच्या समर्थनार्थ मोठमोठे युक्तिवाद लढवितात. थोर लेखकांच्या पेल्यांची यादी सांगणारे आमचे तरुण त्या मंडळाचे सभासद नव्हेत तर काय? गडकऱ्यांनी त्यांस शंभर वर्षांपूर्वीच ओळखिले होते. पण आम्ही प्रेक्षकांनी काय केले? तळीरामाच्या कोट्यांस टाळ्या दिल्या, सिंधूची पदे पाठ केली, आणि नाटकाचा बोध नाटकगृहातच ठेवून आलो!

जो एकच प्याला गडकऱ्यांनी घातक ठरविला, त्याविषयी आज वैद्यकशास्त्रही तेच सांगते. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये जाहीर केले. तेव्हा ‘बेताने घेतो’ या शब्दांचा आधारही आता राहिलेला नाही.

आमचा खरा आक्षेप याहून पुढचा आहे. या भागात ताडी आहे, हातभट्टी आहे, दमणहून चोरून येणारी बाटलीही आहे. मजुरीचे पैसे गुत्त्यात घालविणाऱ्यास आम्ही ‘दारुडा’ म्हणतो आणि तोंड फिरवितो. तेच पैसे उंची बाटलीवर उडविणाऱ्या शिकलेल्यास ‘शौकीन’ म्हणतो. हा न्याय कोणता? दोघांच्याही घरी सिंधूच उपाशी निजते.

लेखकाचे नाव घ्यावयाचेच असेल तर दुसरीही नावे आहेत. अनिल अवचट यांनी व्यसनात सापडलेल्या तरुणांवर लिहिले, आणि केवळ लिहून ते थांबले नाहीत. डॉ. अनिता अवचट यांच्यासह त्यांनी 1986 साली पुण्यास ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभारिले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्यास द्रव्यसाहाय्य केले. व्यसनी मनुष्य हा पापी नसून रोगी आहे, त्यास हाकलू नये, उपचारास न्यावे, ही दृष्टी तेथून महाराष्ट्रास मिळाली. लेखक आणि मद्य यांच्या संबंधाची ही हकीकत फलाटावर कोणी का सांगत नाही?

आमच्या व्यापारी बंधूंस एक विनंती आहे. सौदा ठरला की बाटली, लग्न ठरले की बाटली, निवडणूक आली की बाटली, ही चाल आपल्याच पैशावर पोसली जाते. प्याला पुढे करणारा तो तळीराम, मग त्याच्या गळ्यात सोन्याची साखळी का असेना. आणि गावातील दुकान बंद व्हावे अशी ज्या भगिनींची इच्छा असेल, त्यांस या राज्यात मतदानाचा मार्ग मोकळा आहे. ‘आडव्या बाटली’च्या बाजूस नियमाप्रमाणे आवश्यक तितकी मते पडली की दुकान उठते. त्या मतदानाच्या दिवशी घरातील पुरुषांनी दटावणी न करिता त्यांस केंद्रापर्यंत सोबत करावी.

लेखक कोणते मद्य पीत होता, हे ठाऊक नसल्याने आजवर कोणाचेही नुकसान झालेले नाही. आपल्या घरातील मुलगा काय पितो, कोणाबरोबर पितो आणि का पितो, हे ठाऊक नसल्याने मात्र अनेक घरे बुडाली आहेत. चौकशी करावयाची तर ती आधी तेथे करावी.