फोनच्या खोक्यावर अखेरची तारीखही छापा

बारामतीहून इंदापूरकडे निघाले की वाटेत पिंपळी लागते. उसाच्या या पट्ट्यात शेतकऱ्याचा बराचसा व्यवहार आता फोनवरून चालतो. तोड कधी मिळणार याची चौकशी, नीरा डाव्या कालव्याचे आवर्तन सुटल्याची खबर, दुधाचा दहा दिवसांचा हिशेब, खतांचे भाव, सगळे त्या एका पडद्यावर येते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पीकपेऱ्याची नोंदही तलाठ्याच्या दप्तरातून शेतकऱ्याच्या खिशात आली. शेतात जायचे, गट नंबर निवडायचा, लोकेशन चालू करायचे, उभ्या पिकाचा फोटो काढायचा आणि माहिती पाठवायची. ही नोंद राहून गेली तर पुढे नुकसानभरपाई आणि पीकविमा यांत अडचण येते.

म्हणूनच पारावर ‘अँड्रॉइड बरा की आयफोन’ हा विषय निघतो तेव्हा तो कॅमेरा आणि रुबाब यांवर संपवणे बरोबर नाही. ज्या फोनवर बँकेचा ओटीपी येतो आणि सातबारा उघडतो, त्याला दोनच प्रश्न आधी विचारायला हवेत. त्याला मराठी येते का, आणि तो किती वर्षे सुरक्षित राहणार आहे?

पहिल्या प्रश्नात अँड्रॉइडने फार पूर्वीच बाजी मारली. २०१४ च्या अखेरीस आलेल्या अँड्रॉइड ५.० मध्ये मराठी ही अख्ख्या फोनची भाषा म्हणून निवडता येऊ लागली. ऑगस्ट २०१७ मध्ये गुगलने मराठीत बोलून टाइप करण्याची सोय दिली. ज्यांना टायपिंगचा कंटाळा किंवा धास्ती होती, तेही मग बोटाऐवजी तोंडाने मेसेज लिहू लागले. आयफोनवर मराठी लिहिता येत होते, पण सेटिंग्जपासून सूचनांपर्यंत सगळा फोन मराठीत दिसायला ३१ मार्च २०२५ चे आयओएस १८.४ यावे लागले. दहा वर्षांहून जास्त काळ जगातला एक नामांकित महागडा फोन मराठी माणसाशी परक्या भाषेत बोलत होता, हे ॲपलसारख्या श्रीमंत कंपनीला शोभणारे नाही.

रोजच्या वापरातही अँड्रॉइड गावाच्या जास्त जवळचा आहे. एका कंपनीची रेंज घरात येते, दुसरीची मळ्यात, म्हणून दोन सिमकार्डे लागतात. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक आयफोनमध्ये दुसरा नंबर ई-सिमवर घ्यावा लागतो. फोन बंद पडला की सिम काढून घरातल्या जुन्या फोनमध्ये टाकली, असे त्या नंबरचे करता येत नाही. आणि किमतीची तर तुलनाच नको. आयफोन १६ भारतात आला तो ७९,९०० रुपयांना.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र पारडे फिरते.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर एखादी फाइल येते. नाव पीएम किसानचे, लग्नपत्रिकेचे किंवा वाहनाच्या दंडाच्या चलनाचे, आणि शेवटी ‘एपीके’ ही तीन अक्षरे. अँड्रॉइडवर तिच्यावर बोट ठेवले की फोन इशारा देतो, पण परवानगी दिली तर ते ॲप बसते. मग ते मेसेज वाचण्याची परवानगी मागते आणि तीही मिळाली की बँकेचा ओटीपी थेट भामट्याच्या हाती पडतो. आयफोनवर ही फाइल चालतच नाही. म्हणजे एकच फाइल, एकाच ग्रुपवर, एकाच घरातल्या दोन फोनवर आली, तरी धोका स्वस्त फोनवाल्यालाच जास्त. गुगललाही हे ठाऊक आहे. अशी धोकादायक ॲप परस्पर अडवण्याचा प्रयोग भारतात करणार असल्याचे त्यांनी २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर केले. ते चांगलेच झाले, पण जुन्या पडलेल्या फोनला एवढ्याने संरक्षण मिळत नाही.

खरी मेख आहे ती फोनच्या वयात. २०१५ मध्ये बाजारात आलेल्या आयफोन ६एसला ॲपलने २०२४ मध्येही सुरक्षेची दुरुस्ती पाठवली. अँड्रॉइडमधल्या त्रुटींवर गुगल २०१५ पासून नियमितपणे उपाय काढते, परंतु तो उपाय आपल्या फोनपर्यंत पोहोचवायचा की नाही हे फोन बनवणारी कंपनी ठरवते. महागड्या मॉडेलांना आता सात वर्षांची हमी मिळते. गुगलने २०२३ च्या पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ ला ती दिली. स्वस्त मॉडेलांच्या नशिबी बरेचदा दोन-तीन वर्षेच येतात. फोन चालू असतो, वाजतो, फोटो काढतो, त्यामुळे आतले कुलूप जुने झाल्याचे मालकाला कळतच नाही. सेटिंग्जमध्ये ‘फोनबद्दल’ उघडून सिक्युरिटी अपडेटची तारीख पाहावी. ती वर्ष-दीड वर्षापूर्वीची असेल आणि नवे अपडेट येत नसेल, तर त्या फोनवर बँकेचे व्यवहार करणे जोखमीचे आहे.

स्वस्तात हे परवडत नाही, ही सबब आता टिकणारी नाही. २०२४ मध्ये भारतात वीस हजारांच्या आत आलेल्या गॅलेक्सी ए१६ फाइव्हजीला सॅमसंगने सहा वर्षांच्या अपडेटचा शब्द दिला. युरोपीय संघाने तर २० जून २०२५ पासून नियमच लागू केला आहे. एखाद्या मॉडेलची विक्री थांबल्यावर पुढची किमान पाच वर्षे त्याला अपडेट मिळालेच पाहिजेत. युरोपातल्या ग्राहकाला जे कायद्याने मिळते ते पिंपळीच्या ग्राहकाला कंपनीच्या मर्जीवर का मिळावे?

आपल्याकडे कीटकनाशकाच्या बाटलीवर वापराची अंतिम तारीख छापलेली असते आणि शेतकरी ती पाहिल्याशिवाय बाटली घेत नाही. फोनच्या खोक्यावर किंमत, मेमरी, मेगापिक्सेल सगळे ठळक असते. सुरक्षा अपडेट कोणत्या महिन्यापर्यंत मिळणार हे मात्र शोधूनही सापडत नाही. केंद्र सरकारने ही तारीख खोक्यावर ठळक अक्षरांत, मराठीसह स्थानिक भाषांत छापणे सक्तीचे करावे. राज्य सरकारनेही आपल्या वाट्याचे काम करावे. शेतकऱ्यासाठी काढलेले प्रत्येक ॲप अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर सारखे चालावे, आणि जिथे शक्य आहे तिथे डिजिटल सातबाऱ्याप्रमाणे साध्या ब्राउझरमध्येही काम व्हावे. कायदा होईपर्यंत दिवाळीच्या खरेदीला बारामतीच्या दुकानात जाणाऱ्याने फोन हातात घेतल्यावर आधी एवढेच विचारावे, ‘याला अपडेट कुठल्या सालापर्यंत मिळणार?’ आणि दुकानदाराला ते सांगता आले नाही, तर पुढचा फोन दाखवायला सांगावे.