निकालाआधीचे न्यायाधीश

गुन्ह्यांच्या बातम्यांचा जो बाजार सध्या भरला आहे, त्याविषयी कोणी ब्र काढला की पत्रकारितेच्या कैवाऱ्यांचे उत्तर तयार असते : आम्ही ओरड केली नसती, तर प्रकरण दडपले गेले असते! हे उत्तर अगदीच पोकळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ या गावी तर त्याचे वजन विशेषच जाणवेल. या गावचा गिरणी कामगार बाबू गेनू सैद हा १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवीनजीक, पोलिसांच्या पहाऱ्यात निघालेली परदेशी कापडाची मालमोटार अडवीत असता तिच्या चाकाखाली चिरडला गेला. सरकारने त्यास अपघात म्हटले. जनतेने खून म्हटले. सरकारी शब्दावरच सारे विसंबून राहिले असते, तर आज मुंबईत त्या हुतात्म्याच्या नावाचा रस्ता दिसता ना.

परंतु हे उदाहरण ज्यांना आपली ढाल करावयाचे आहे, त्यांनी त्यातील अर्धा भाग गिळू नये. त्या वेळी सत्तेविरुद्ध शब्द छापणाराला त्याची किंमत स्वतः मोजावी लागे. त्याच १९३० साली मुद्रणालयांकडून तारण मागणारा वटहुकूम निघाला आणि गांधीजींचे नवजीवन मुद्रणालय जप्त झाले. त्यापूर्वी १८९७ साली रँडच्या वधानंतर टिळकांना 'केसरी'तील लेखनाबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा झाली होती. लेखनाने माथी भडकतात आणि त्यातून खून पडतात, हा सिद्धान्त तेव्हा राज्यकर्त्यांच्या किती सोयीचा होता, हे आपण विसरता कामा नये. म्हणूनच, वृत्तपत्रे वाचून मुले चोर होतात असे म्हणून नियंत्रणाचा अधिकारी नेमा म्हणणाऱ्यांच्या पंक्तीला आम्ही बसत नाही. आमची तक्रार निराळी आहे. आज शब्द पत्रकाराचा असतो, आणि किंमत मोजतो आरोपी.

हा उलटा व्यवहार स्वातंत्र्यानंतर फार लवकर सुरू झाला. १९५९ च्या एप्रिलात नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांनी आपल्या पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा यास मुंबईत गोळ्या घालून ठार केले. 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने नानावटींचा पक्ष घेतला. शीलवान पती, भ्रष्ट धनिक आणि फसलेली स्त्री असे तीन पात्रांचे नाटकच त्याने आठवड्यामागून आठवडे रंगविले. पंचवीस पैशांचा अंक दोन रुपयांस जाऊ लागला. रस्त्यावर आहुजाच्या नावाने टॉवेल विकले गेले, नानावटींच्या नावाने खेळण्यातली पिस्तुले! ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीस निर्दोष ठरविले. सत्र न्यायाधीशांना तो निर्णय इतका विपरीत वाटला की त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडले. तेथे जन्मठेप झाली आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. या सगळ्या गदारोळात मेलेल्या माणसाची बाजू मांडावयास तो स्वतः येणे शक्य नव्हते, याची खंत त्या अंकांच्या खरेदीदारांस वाटली असेल काय?

नानावटी प्रकरणात पत्राने मारणाऱ्यास सोडवू पाहिले. १४ जून २०२० रोजी सुशांतसिंह राजपूत हा नट वांद्र्याच्या घरी मृतावस्थेत आढळला, तेव्हा दूरचित्रवाणीने एका स्त्रीस मारेकरीण ठरविले. खून मुळात झाला होता काय, हा प्रश्नच मागे पडला. दिल्लीच्या एम्स संस्थेच्या वैद्यकमंडळाने त्याच वर्षी खुनाची शक्यता फेटाळली. केंद्रीय अन्वेषण विभागाने २०२५ साली प्रकरण बंद करण्याचा अहवाल न्यायालयास दिला. मधल्या काळात मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२१ च्या निकालात बजावले होते की, तपास चालू असता गुन्ह्याचे प्रसंग नाटकासारखे उभे करू नयेत, आणि पोलिसांपुढील कबुलीजबाब हा जणू ग्राह्य पुरावाच आहे अशा थाटात तो प्रसिद्ध करू नये. कायद्याच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही जाणतो ती गोष्ट उच्च न्यायालयाला समजावून सांगावी लागली!

नामांकितांच्या मदतीस निदान मोठे वकील धावतात. पण तालुक्याच्या ठाण्यात संशयावरून ज्यास बसविले, त्या शेतमजुराचे काय? अटकेच्या दुसऱ्या दिवशी त्याचे नाव, गाव आणि क्वचित छायाचित्रही झळकते. 'आरोपी' हा शब्द मथळ्यात गळून 'चोरटा' होतो. चार-सहा वर्षांनी तो निर्दोष सुटतो, आणि त्या दिवशी पत्रात जागा नसते. गावात मात्र ते जुने कात्रण जपलेले असते. मुलीच्या सोयरिकीच्या वेळी ते बरोबर बाहेर निघते.

वृत्तपत्रांनी स्वखुशीने एक नियम पाळावा, एवढेच आमचे मागणे आहे. ज्या पानावर, ज्या आकाराच्या अक्षरांत अटकेची वार्ता छापली, त्याच पानावर व तितक्याच अक्षरांत सुटकेची छापावी. वाहिन्यांनी जितके तास आरोप दाखविला, तितके तास निर्दोषत्व दाखवावे. यास खर्च येईल आणि प्रेक्षक उठून जातील, असे ते म्हणतील. जावोत. १९३० साली मुद्रणालय गमावण्याची ज्यांची तयारी होती, त्यांचे नाव सांगणाऱ्यांना एका संध्याकाळचे प्रेक्षक गमावणे जड का जावे?